पुणे शहरातील घरगुती बॅटरी कचरा

घड्याळे, रिमोट, खेळणी, विजेऱ्या व मोबाइल यांतून निकामी होऊन बाहेर पडणारे सेल आणि बॅटऱ्या म्हणजे घरगुती बॅटरी कचरा होय. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्याची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली.

इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीला भंगारात मोल असल्याने ती सहसा फेकली जात नाही. पेन्सिल सेलला असे मोल नाही; तो सुक्या कचऱ्यात मिसळतो. पुण्यात घरोघरचा कचरा मुख्यतः ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य गोळा करतात व हाताने निवडतात. त्यामुळे धोका प्रथम त्यांच्याच वाट्याला येतो. गळक्या अल्कलाइन सेलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडने त्वचा भाजते, तर चेपलेली लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. साधे जस्त-कार्बन सेल तुलनेने सौम्य असतात. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांतील कॅडमियम मात्र मूत्रपिंडांस अपायकारक असून कचरा डेपोतून झिरपून भूजलात उतरू शकते. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी डेपोमुळे दूषित झालेल्या पाण्याविषयी दीर्घकाळ तक्रारी केल्या आहेत. अर्थात त्या प्रदूषणाला मिश्र कचराच कारणीभूत आहे, केवळ सेल नव्हेत.

पुनर्चक्रणात सेल प्रकारानुसार वेगळे करून जस्त, मँगनीज व पोलाद, तर लिथियम-आयन बॅटऱ्यांतून कोबाल्ट, निकेल व लिथियम मिळवतात.

२००१ चे बॅटरी नियम शिसे-आम्ल प्रकारापुरतेच होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी पेन्सिल सेलही कक्षेत आणले आणि ते परत गोळा करून पुनर्चक्रणास पाठवण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले. ग्राहकानेही असे सेल इतर कचऱ्यात न मिसळता स्वतंत्रपणे देणे बंधनकारक आहे.