राखण, जागल आणि नुकसानभरपाई : नांदेड-लातूर परिसरातील शेती व वन्यपशू

वन्यपशू आणि शेतकरी यांच्या संघर्षाचा विचार बहुधा अभयारण्याच्या सीमेपासून सुरू केला जातो. सीमेच्या आत पशू, बाहेर शेती, आणि पशूने सीमा ओलांडली की संघर्ष, अशी ही मांडणी आहे. नांदेड आणि लातूर हे दोन शेजारी जिल्हे एकत्र पाहिले असता ती पुरेशी ठरत नाही. नांदेडच्या उत्तरेस किनवट-माहूरची सागवानी राने असून पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत पसरलेले अभयारण्य आहे. लातूर जिल्ह्यात मात्र वनाचे प्रमाण नगण्य असून अभयारण्य मुळीच नाही. तरीही रोही, काळवीट आणि रानडुक्कर यांनी पीक उद्ध्वस्त केल्याची तक्रार दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. सबब सीमेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, पिकाच्या राखणीचा इतिहास येथे तपासावा लागतो.

ही राखण फार जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त भाताचे शेत पोपटांपासून राखणाऱ्या स्त्रिया वारंवार भेटतात. गोदाकाठच्या प्रतिष्ठानाशी नाते सांगणाऱ्या या ग्रंथात राखण हे कृषिजीवनाचे एक स्वाभाविक अंग आहे. पशुपक्ष्यांविषयी वैरभाव तीत नाही. पुढे ज्वारी हे या मुलखाचे मुख्य पीक झाले, आणि तिच्याभोवती एक स्वतंत्र शब्दसंपदा वाढली. उंच ताटांवरून नजर पोहोचावी म्हणून माळा, भोरड्यांच्या थव्यांसाठी गोफण, दिवसा बुजगावणे, रात्री जागल. ‘जागल’ हा शब्द जागर या अर्थाशी निगडित असून ‘जागलीला जाणे’ म्हणजे पिकाच्या रक्षणासाठी शेतात रात्र काढणे. ‘जागल्या’ हे तर ग्रामव्यवस्थेतील एका सेवकाचेच नाव होते. गावच्या रक्षणाचा मोबदला त्याला सुगीच्या धान्यातून मिळे. राखणीस किंमत आहे, आणि ती धान्यात मोजता येते, ही जाणीव त्या व्यवस्थेत स्पष्ट होती. त्या व्यवस्थेतील जातिबद्ध सेवेचा जाच लक्षात घेऊनही हे नमूद करणे प्राप्त आहे.

प्रस्तुत प्रदेशाचा राजकीय नकाशा अलीकडचा आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुकेही त्याच वेळी आले आणि 1982 साली स्थापन झालेल्या लातूर जिल्ह्यात पुढे समाविष्ट झाले. म्हणजे नांदेडचा महत्त्वाचा वनभाग हा मूळ आदिलाबादचा वारसा होय. आदिलाबादच्या रानात निजामी राजवटीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वने आरक्षित केली, तेव्हा गोंड व कोलाम यांची शेती आणि वस्ती त्या रेषांच्या आत सापडून बेकायदा ठरली. 1940 साली कुमरम भीमच्या लढ्याचा रक्तरंजित शेवट झाल्यावर हैदराबाद सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून या जमातींची पाहणी करविली. तेथे शेतकरी वनातून हटविला गेला. लातूरच्या काळ्या पठारावर याच्या उलट घडले. गायराने, माळराने व पडीक जमिनी नांगराखाली आल्या आणि काळविटांचे चराऊ रान शेतात विरून गेले. त्यांना आवर घालणारे शिकारी प्राणीही ओसरले. लांडगा विरळ झाला. चित्ता तर 1952 साली भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या स्थितीत मूलभूत बदल घडविला. त्यातील 39 व्या कलमान्वये वन्यपशू ही शासनाची मालमत्ता ठरली. हा कायदा आवश्यक होता याविषयी दुमत संभवत नाही. त्याच्या अभावी काळवीटही चित्त्याच्याच वाटेने गेले असते. परंतु त्याने एक जुना व्यवसाय एका फटक्यात गुन्हा ठरविला. फासेपारध्यांचे नावच फासावरून पडले आहे. हरिण आणि तित्तिर फासात धरणारी ही जमात 1952 पर्यंत ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदली जात होती. ती नोंद पुसली गेल्यावर अवघ्या वीस वर्षांत तिची उपजीविकाच गुन्ह्यात गणली गेली. या घटनेकडे वनेतिहासाने जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

शब्दांचा परिणाम धोरणावर कसा होतो याचे एक उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. मराठवाडा-विदर्भात ज्याला ‘रोही’ म्हणतात त्यालाच उत्तरेत ‘नीलगाय’ हे नाव आहे. संस्कृतात ‘रोहित्’ हा शब्द हरिणीसाठी येतो. ‘रोहित’पासून प्राकृतातील तकारलोपाने ‘रोही’ सिद्ध होण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण नाही. मराठी नावात गाय नाही, मात्र प्राणिशास्त्रदृष्ट्या हा प्राणी हरिणवर्गापेक्षा गोवंशाच्याच जवळचा आहे. उत्तरेत नावातील गाईमुळे त्याच्या हत्येस धार्मिक संकोच आड येतो. बिहारमध्ये 2015 च्या अखेरीस केंद्राने त्यास उपद्रवी घोषित केले आणि पुढील वर्षी मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले, तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळातच जाहीर वाद झाला. महाराष्ट्राने त्याच 2015 साली निराळा मार्ग धरला. रोही व रानडुक्कर यांच्या पारधीचा परवाना देण्याचा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणण्यात आला. परवाना मिळाला तरी बंदूक कोणी चालवायची, हा प्रश्न मात्र उरतो. सामान्य शेतकऱ्याजवळ ती नसते. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्याबाबत असा परवानाही नाही.

दरम्यान राखणीचे स्वरूपच बदलले. गेल्या तीन-साडेतीन दशकांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारीची राखण प्रामुख्याने दिवसाची आणि पाखरांपासूनची. सोयाबीन व हरभरा ही बुटकी, कोवळेपणी कुरतडली जाणारी पिके असून त्यांवर येणारा कळप रात्रीचा असतो. शिवाय कृषिपंपांची वीज अनेकदा रात्रीच मिळते. सबब पाणी देणे आणि जागल ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या माथी येतात. त्यात वाघाची भर पडली आहे. 2024 च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात दिसलेला वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून आल्याचे निष्पन्न झाले. टिपेश्वर ते येडशी हे अंतर प्रामुख्याने शेतांनीच भरलेले आहे, आणि येडशीचे अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरांचे आहे. त्या वाघाने धाराशिव व बार्शी भागात गुरे मारली, आणि 2025 च्या जानेवारीत त्यास पकडण्यासाठी वनखात्याची पथके आली.

पिकाच्या नुकसानीबद्दल शासन भरपाई देते. त्यासाठी शेतकऱ्याने मुदतीत अर्ज करावयाचा, पंचनामा व्हावयाचा आणि बाधित क्षेत्र व पीक यांवरून रक्कम ठरावयाची, अशी रीत आहे. ‘नुकसानभरपाई’ या शब्दातच हानी होऊन गेल्यावरचा व्यवहार अभिप्रेत आहे. ज्याने महिनाभर शेतात रात्री काढून पीक वाचविले, त्याचे नुकसान झालेले नसते. म्हणून त्याचा अर्जही नसतो. जागल्याच्या वाट्यास सुगीला जे धान्य येई, त्याच्याशी समांतर अशी कोणतीही तरतूद या पद्धतीत केलेली नाही.