तंबाखू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. धूम्रपानाने हा आजार जडण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. जडल्यावर अपंगत्वही लवकर येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात, निदानानंतर सिगारेट चालू ठेवल्यास दर जादा वर्षागणिक, झटके येऊन ओसरणाऱ्या अवस्थेतून सतत बळावणाऱ्या अवस्थेत जाण्याचा काळ सुमारे ४.७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

दोष निकोटिनचा की धुराचा? स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवल्या जाणाऱ्या स्नूस तंबाखूने एमएसचा धोका वाढलेला आढळला नाही. म्हणून संशय फुप्फुसांवर आहे: धुराने तिथे दाह होतो, प्रतिकारपेशी चेतवल्या जातात आणि पुढे मेंदूकडे वळतात, असे मानतात.

नागपुरात हा भेद महत्त्वाचा. सदरसारख्या बाजारवस्तीत काय किंवा शहरात इतरत्र काय, विडी-सिगारेटपेक्षा खर्रा लाडका. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तो बनतो. २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. पण खर्रा म्हणजे स्नूस नव्हे. त्यातील सुपारीने तोंड आखडते, कर्करोगाचा धोका वाढतो. आधीच गिळायला त्रास होणाऱ्या एमएस रुग्णाला हे दुहेरी ओझे ठरते. स्वीडनचे निष्कर्ष खर्ऱ्याच्या बचावासाठी वापरणे चुकीचे आहे.