कलावंत स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास, मुंबई उपनगरांतील

चित्रकार, गायिका, नर्तकी अशा स्त्रियांच्या कारकिर्दीची साधने जमवून त्यांचा अर्थ लावणारी अभ्यासशाखा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, जहांगीर कलादालन ही मुंबईची जुनी कलाकेंद्रे दक्षिणेकडे असली, तरी या अभ्यासाची महत्त्वाची ठाणी उपनगरांत आहेत.

जुहू येथील एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये सुरू केले. कलावंतांचा प्रश्न त्याच्या मुळाशी नव्हता. त्याकडे नेमके लक्ष गेले ते ‘स्पॅरो’मुळे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि ‘अंबै’ या नावाने तमिळमध्ये कथा लिहिणाऱ्या सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेले हे अभिलेखागार पुढे दहिसर पूर्वेला स्वतःच्या वास्तूत आले. ध्वनी आणि चित्र ही त्याची मुख्य साधने. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. प्रदर्शनाच्या सूचिपत्रात चित्राचे नाव सापडते, मैफलीच्या जाहिरातीत तारीख सापडते. पण रियाजाला घरातून कोणी विरोध केला, लग्नानंतर रंगपेटी किती वर्षे बंद राहिली, हे त्या बाईंनाच विचारावे लागते. म्हणून प्रदीर्घ मुलाखती, छायाचित्रे, पत्रे, भित्तिपत्रके यांचा संग्रह येथे झाला. लक्ष्मी यांची ‘द सिंगर अँड द साँग’ (२०००) आणि ‘मिरर्स अँड जेश्चर्स’ (२००३) ही गायिका व नर्तकींशी झालेल्या संवादांची इंग्रजी पुस्तके या कामातून आली.

आठवणींवर विसंबण्यात धोकाही आहे. वय सरल्यावर सांगणारी व्यक्ती गुरूंविषयीची तक्रार गिळते, क्वचित घराण्याचा मोठेपणा वाढवते. त्यामुळे मुलाखत कागदपत्रांशी ताडून पाहावी लागते. विवाहानंतर आडनाव आणि कधी पाळण्यातले नावही बदलण्याच्या महाराष्ट्रातील रिवाजाने हे ताडणे आणखी अवघड होते. विद्यार्थिनींच्या यादीतली मुलगी आणि नंतरच्या प्रदर्शनातली चित्रकार एकच, हे सिद्ध करण्यातच बराच वेळ जातो.

अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांच्या बाबतीत ही अडचण तुलनेने कमी. चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या या कन्येने १९३१ मध्ये जे. जे. स्कूलची पदविका मिळवली. खारच्या घरी राहून त्यांनी वडिलांचा चित्रसंग्रह सांभाळला आणि ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन लिहिले. वडिलांची कीर्ती त्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडते आणि आडही येते: कन्येच्या चित्रांपेक्षा तिने सांगितलेल्या वडिलांच्या हकीकतीच अधिक उद्धृत होतात. जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) उत्तरायुष्यात बोरिवलीत राहत. केसरबाई केरकरांच्या या शिष्येची मोठ्या वाचकवर्गाला ओळख झाली ती त्यांच्याकडे गाणे शिकलेल्या नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ (२००७) या इंग्रजी पुस्तकामुळे.