साउथवेस्ट कॉन्फरन्सचा अस्त

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ प्रादेशिक संघटना स्थापून परस्परांशी सामने खेळतात. अशा संघटनेस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा या राज्यांतील आठ विद्यापीठांनी १९१४ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स स्थापन केली. ओक्लाहोमाची दोन्ही विद्यापीठे १९२५ पर्यंत बाहेर पडली. पुढे नवे सभासद आले ते सारे टेक्सासचेच.

६ डिसेंबर १९६९ रोजी टेक्सासने आर्कान्सावर १५-१४ अशी मात केली, तेव्हा प्रेक्षकांत खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन होते. (हा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हाती घेऊन धावण्याचा.) त्या विजेत्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने मात्र जेरी लेव्हायस या कृष्णवर्णीय खेळाडूस १९६६ मध्येच मैदानात उतरवले होते.

याच सदर्न मेथडिस्टने पुढे नियम मोडून खेळाडूंना चोरून पैसे दिले. राष्ट्रीय नियामक संस्थेने त्यांच्या फुटबॉलचा १९८७ चा अख्खा हंगामच रद्द केला. ही शिक्षा ‘मृत्युदंड’ म्हणून ओळखली जाते, आणि संघटनेच्या अंताचे खापरही बहुधा तिच्यावरच फुटते.

खरा घाव दूरचित्रवाणीचा. सामन्यांच्या प्रक्षेपणावरील नियामक संस्थेची मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडीत काढली. मग जिचा प्रेक्षक मोठा, तिच्याकडे पैसा वाहू लागला. आर्कान्साने १९९० मध्ये संघटना सोडण्याचा निर्णय घेतला आणि उरलेले आठही सभासद एकाच राज्याचे राहिले! १९९४ मध्ये त्यांतील चौघांनी ‘बिग एट’शी हातमिळवणी केली. १९९६ मध्ये संघटना विसर्जित झाली. मागे राहिलेल्या चौघांत राईस विद्यापीठही होते. ते तर संस्थापकांपैकी एक.