कोयता गँग : गुन्हे आणि शिक्षा

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात कोयत्याच्या धाकावर दहशत माजवणाऱ्या, प्रामुख्याने कोवळ्या वयाच्या मुलांच्या टोळ्यांना वृत्तपत्रांनी रूढ केलेले नाव. ते कोणा एका टोळीचे नाही. गाड्यांच्या काचा फोडणे, दुकानदारांकडून पैसे उकळणे, वाढदिवसाचा केक कोयत्याने कापून त्याचे रील टाकणे आणि पूर्ववैमनस्यातून वार करणे, असे या टोळ्यांचे वर्तन असते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सिंहगड महाविद्यालय परिसरात भररस्त्यात घडलेल्या हल्ल्यानंतर हे नाव राज्यभर पसरले. पुढे पोलिसांनी कोयता विकताना ग्राहकाचे आधारकार्ड पाहण्याची सक्तीही दुकानदारांवर केली.

कोयता हे ऊसतोडीचे अवजार असून ते लोहाराकडे किंवा आठवडे बाजारात विनापरवाना मिळते. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. त्यामुळे ‘हे शेतीचे अवजार आहे’ असा बचाव करायला जागा राहते. धारदार शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल या कायद्यात १ ते ३ वर्षांची कैद आहे. जोडीला लावल्या जाणाऱ्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली, म्हणजे मनाई आदेश मोडल्याबद्दल, जास्तीत जास्त १ वर्ष.

वार झाल्यानंतरच्या तरतुदी मात्र जड आहेत. भारतीय न्याय संहितेत खुनाला (कलम १०३) फाशी किंवा जन्मठेप, तर खुनाच्या प्रयत्नात (कलम १०९) इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. टोळीला ‘मोक्का’ हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा (१९९९) लागला तर किमान ५ वर्षे. ‘कायदा मवाळ आहे’ ही प्रत्येक हल्ल्यानंतर उठणारी ओरड म्हणूनच अपुऱ्या माहितीवर उभी आहे. खरी अडचण अशी, की हा सगळा कठोरपणा निकालाच्या अलीकडेच खर्ची पडतो. दोन वर्षांपर्यंतची तडीपारी, ‘एमपीडीए’ या धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या कायद्याखाली (१९८१) वर्षभरापर्यंत स्थानबद्धता, मोक्क्यामुळे अडलेला जामीन यांपैकी एकाही गोष्टीसाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. पोलिसांनी आरोपींची वस्तीतून धिंड काढण्याला तर कोणत्याच कायद्याचा आधार नाही. वस्तीला तेवढ्यापुरते समाधान मिळते; पण ज्याच्या खांद्यावर वार झाला, त्याला न्याय मिळायचा तो साक्षीपुराव्यांतून. साक्षीदार तर त्याच गल्लीत राहतो आणि खटला लांबतो तशी त्याची हिंमत खचते. शिक्षेची वर्षे वाढवण्यापेक्षा त्याला संरक्षण देणे आणि खटला लवकर चालवणे अधिक निकडीचे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न अल्पवयीनांचा, कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालकांचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळ जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी विशेष गृहात पाठवू शकते. गुन्हा ‘घोर’ असेल, तरच १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. घोर गुन्हा म्हणजे किमान ७ वर्षे शिक्षेचा गुन्हा. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या शिल्पा मित्तल निकालानुसार असे गुन्हे घोर ठरत नाहीत. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाच्या कोयत्याने एखादा गंभीर जखमी झाला, तरी प्रकरण मंडळापुढेच राहते. त्यावर वयोमर्यादा खाली आणण्याची मागणी होते. ती घातक आहे, कारण तुरुंगात या मुलाला भेटतील ते आणखी मोठे ‘भाई’.

याच अधिनियमाच्या कलम ८३ (२) कडे मात्र या वादात फारसे कोणी पाहत नाही. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढ व्यक्तीला वा टोळीला त्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाच्या हातात कोयता सापडला, तर तो त्याला कोणी दिला याचा तपास प्रत्येक वेळी याच कलमाखाली व्हायला हवा.