मावळातून पुण्यात लग्नाच्या खरेदीला जाताय? कुठे काय घ्यायचं आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं

लग्न ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात: एक पाहुण्यांची, दुसरी खरेदीची. परंदवडी, सोमाटणे, तळेगाव या भागात किराणा, रोजची भांडी, कपडे सगळं मिळतं. तरी बस्ता आणि दागिने म्हटलं की बरीच घरं अजूनही पुण्याच्या पेठांकडे वळतात. एका दिवसात लाखांचा व्यवहार होतो, पण अनेकदा हातात धड बिलही नसतं. म्हणून जाण्याआधी या गोष्टी माहीत असू द्या.

पेठांमध्ये पोहोचायचं कसं?

बेगडेवाडी किंवा तळेगावहून लोणावळा-पुणे लोकल पकडा आणि पुणे स्टेशनपर्यंत न जाता शिवाजीनगरला उतरा. तिथून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो घ्या. जिल्हा न्यायालय, कसबा पेठ आणि तिसरं स्थानक मंडई. हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे.

दुपारच्या वेळी लोकल कमी असतात. त्यामुळे सकाळीच निघा आणि परतीची लोकल आधीच बघून ठेवा. दुचाकीने जाणार असाल तर पार्किंगच्या पाट्या वाचा. पी-१ म्हणजे विषम तारखेला आणि पी-२ म्हणजे सम तारखेला रस्त्याच्या त्या बाजूला गाडी लावता येते.

कुठे काय मिळतं?

* लक्ष्मी रोड: साड्या, शालू, शेरवानी आणि सराफांच्या पेढ्या. बस्ता इथेच बांधला जातो.
* तुळशीबाग: बांगड्या, खोटे दागिने, पूजेचं साहित्य, रुखवताच्या वस्तू. पेशवेकालीन राममंदिराभोवती हा बाजार वाढला. रस्ता चुकलात तर विश्रामबागवाडा विचारा, तुळशीबाग त्याच्या शेजारीच आहे. पथारीवाल्यांकडे घासाघीस चालते, 'एकच भाव' लिहिलेल्या दुकानात चालत नाही.
* महात्मा फुले मंडई: भाजी, फळं, नारळ. ही इमारत १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. गंमत म्हणजे तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं.
* रविवार पेठ आणि बोहरी आळी: घाऊक बाजार. एकाच प्रकारच्या पन्नास-शंभर वस्तू लागणार असतील तर इथे या.
* तांबट आळी, कसबा पेठ: हाताने ठोके दिलेली तांब्याची भांडी.
* अप्पा बळवंत चौक: पुस्तकं आणि वह्या.

साप्ताहिक सुट्टी प्रत्येक पेठेत, कधी प्रत्येक दुकानात वेगळी असते. ठरावीक दुकानात जायचं असेल तर आधी फोन करा. दुपारी १ ते ४ बंद ही जुनी पद्धतही काही दुकानं पाळतात, चितळे बंधूंनी मात्र २०१७ मध्ये ती सोडली.

सोनं घेताना काय बघायचं?

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी २२के९१६) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता आणि नोंद दिसते. हे दुकानात उभं राहूनच करा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना ही सक्ती नाही.

बिलात सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेही बघा. घडणावळ दुकानागणिक बदलते, त्यामुळे दोन-तीन पेढ्यांवर विचारल्याशिवाय ठरवू नका. जुनं सोनं मोडणार असाल तर घट किती धरणार, हे आधीच विचारा.

पैठणी खरी की सेमी?

हातमागावरच्या पारंपरिक पैठणीचा पदर उलटून बघा. मागची नक्षी पुढच्यासारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा जाळीसारखे दिसत असतील, तर ती बहुधा यंत्रमागावरची आहे. सेमी पैठणी घेण्यात काही गैर नाही, पण भाव सेमीचाच द्या. शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क'चं लेबल मागा.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी चालते का?

सदोष मालाच्या बाबतीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणंही याच व्याख्येत येतं. मात्र रंग आवडला नाही किंवा मन बदललं, तर बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं. म्हणून बदलण्याची अट बिलावर लिहून घ्या.

'बिल नको असेल तर कमी करतो' असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. वाचणारे थोडे पैसे म्हणजे तक्रारीचा पुरावाच गमावण्याची किंमत आहे.

तक्रार कुठे करायची?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि वकील लावणं बंधनकारक नाही.

दिवस कसा आखायचा?

सकाळी आधी सोनं, कारण तेव्हा डोकं ताजं असतं आणि तपासायला वेळ मिळतो. मग बस्ता, शेवटी तुळशीबाग आणि मंडई. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, म्हणून कापडी पिशव्या घरूनच न्या. प्रत्येक बिलाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्याआधी काढा आणि घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.