युद्ध संपले, रात्र संपली नाही : सैनिकांच्या झोपेवरील उपचारांचा इतिहास

सन १९१७. एडिनबरोजवळचे क्रेगलॉकहार्ट युद्ध रुग्णालय. दाखल झालेले ब्रिटिश अधिकारी दिवसा गोल्फ खेळत, स्वतःचे नियतकालिकही काढत. पाहुण्याला हे आजारी आहेत असे वाटले नसते. खरा आजार दिसे तो रात्री, किंकाळ्यांमधून.

तिथले एक डॉक्टर विल्यम रिव्हर्स. मानववंशशास्त्रातही त्यांचे नाव मोठे. निलगिरीतील तोडा समाजावरचा त्यांचा ग्रंथ १९०६ सालचा. खंदकांतून परतलेल्यांना तेव्हा सरसकट एकच सल्ला मिळे : झाले ते विसरा, मन दुसरीकडे वळवा. रिव्हर्स यांचे मत उलट होते. दिवसभर निग्रहाने दडपलेली आठवण रात्री अधिक त्वेषाने उसळते, तेव्हा तिला दिवसाच, शुद्धीत असताना, सामोरे जावे. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी हा विचार रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे मांडला. पुढच्याच फेब्रुवारीत तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

त्यात एका अधिकाऱ्याची हकिकत आहे. स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह त्याने स्वतः शोधून काढला होता. तोच मित्र रोज स्वप्नात येई, भयंकर रूपात. रिव्हर्स यांनी त्याला एवढेच दाखवून दिले की देहाची ती अवस्था हाच मित्राला क्षणात, वेदनेविना मृत्यू आल्याचा पुरावा आहे. काही दिवसांनी स्वप्न पुन्हा पडले, पण निराळे. मित्राच्या घरच्यांना द्यायच्या वस्तू काढून घेण्यासाठी तो देहाशेजारी गुडघे टेकून बसला होता. जाग आली तेव्हा तो रडत होता. भीती नव्हती, दुःख होते.

दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या अनुभवात मात्र दिलाशाला जागा देईल असा एकही धागा रिव्हर्स यांना सापडला नाही. हेही त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा हा पुरावा पहिल्या यशापेक्षा मोलाचा मानावा लागेल.

नंतर दुसरे महायुद्ध झाले, व्हिएतनाम झाले. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने या आघातोत्तर विकाराला अधिकृत नाव दिले. दुःस्वप्ने आणि निद्रानाश त्याच्या लक्षणांच्या यादीत गेले आणि तिथेच एक गैरसमज रुजला : मूळ आघात बरा झाला की झोप आपोआप परतेल. प्रत्यक्षात आघातावरचे उपचार यशस्वी होऊनही अनेकांची झोप उडालेलीच राहिली.

कारण निद्रानाश एव्हाना स्वतंत्र सवय होऊन बसलेला असतो. आघाडीवर जागे राहणे म्हणजे जिवंत राहणे. माणूस घरी येतो, पण पहारा सुटत नाही : दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणे, कानोसा घेणे, दुःस्वप्नाच्या धास्तीने झोप लांबवणे. अंथरूण हीच पहाऱ्याची चौकी होते.

यावरचा इलाज सैन्यासाठी शोधलेला नव्हता. १९७२ साली रिचर्ड बूटझिन यांनी सामान्य निद्रानाशासाठी काही नियम मांडले : झोप आली तरच आडवे व्हावे, येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, रोज ठरल्या वेळीच उठावे, दिवसा डुलकी घेऊ नये. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी आणखी चमत्कारिक वाटणारी भर घातली. ज्याला झोप येत नाही, त्याचा अंथरुणातला वेळ आधी कमी करावा! पाच तास झोप लागत असेल तर साधारण तेवढाच वेळ पडून राहण्याची परवानगी. झोप सलग होऊ लागली की तो वेळ हळूहळू वाढवायचा. पहारेकऱ्याला पहारा सोडायला शिकवण्याचा हा मार्ग अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१० नंतरच्या दशकात आपल्या शेकडो उपचारकांना शिकवला.

दुःस्वप्नांचे कोडे मात्र अधिक अवघड निघाले. स्वप्नाचा शेवट दिवसा जाणीवपूर्वक बदलायचा आणि नव्या स्वप्नाची मनात रोज उजळणी करायची, अशी एक पद्धत आहे. रिव्हर्स यांच्या रुग्णाची आठवण व्हावी अशीच. २००१ साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये तिचा स्पष्ट लाभ दिसला. २०१० मध्ये व्हिएतनाममधील माजी सैनिकांवर तिचा प्रयोग झाला, तेव्हा तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या उपचाराहून ती सरस ठरली नाही. ती स्वप्ने तोवर काही दशके जुनी झाली होती. ज्या प्राझोसिन या औषधावर मोठी भिस्त होती, तेही २०१८ च्या मोठ्या चाचणीत माजी सैनिकांची दुःस्वप्ने कमी करण्यात नकली गोळीच्या पुढे गेले नाही.

२०१९ साली अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक खात्यांनी जुनाट निद्रानाशासाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली. तीत गोळ्यांच्या आधी शिफारस आहे ती वर्तनोपचाराची.